हतनूरचे दरवाजे, पांझरेचे फड: पाणी किती येणार हे ठाऊक नसताना बांधायचं कसं?

दर पावसाळ्यात आमच्या घरात एक वाद ठरलेला असतो. जुलैत पेपरात बातमी येते, 'हतनूरचे दरवाजे उघडले, तापीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा', आणि त्याच दिवशी यावल तालुक्यातून आमच्या दाजींचा फोन येतो. दाजींची केळी आहे. उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला की त्यांच्या रात्री मोटारीपाशी जातात. ते विचारतात, "धरण अजून भरलं नाही आणि तुम्ही पाणी सोडून देता? हे धरण आपल्यासाठी बांधलंय का सुरतवाल्यांसाठी?"

माझी पंचवीस वर्षं पाटबंधाऱ्याच्या कामात गेली, म्हणून त्या 'तुम्ही'मध्ये मीही येतो. फोनवर पाच मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, कारण प्रश्न फक्त हतनूरचा नाही. पुढे काय होणार हे ठाऊक नसताना चाळीस-पन्नास वर्षं टिकणारी, अब्जावधी रुपयांची, एकमेकांत गुंतलेली बांधकामं कशी आखायची, असा तो प्रश्न आहे. धरण, वीज केंद्र, रेल्वे, शहराची पाणीयोजना, सगळ्यांना तो लागू पडतो. मला जेवढं उमगलंय तेवढं इथं लिहितो.

आधी हतनूरचंच बघू. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि त्या संगमाच्या खाली हे धरण आहे. ४१ दरवाजे, एकूण साठा ३८८ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. धरण जळगाव जिल्ह्यात, पण त्याचं पाणी पडतं बैतूल, बऱ्हाणपूर, मेळघाट, अकोला, अमरावती अशा दूरदूरच्या मुलखात. आमच्याकडे कडक ऊन असतं तेव्हा तिकडे धो धो चालू असू शकतं. म्हणून पावसाळ्यात इथल्या माणसाचे कान बऱ्हाणपूर, देडतलाई, चिखलदरा, अकोला इथल्या पर्जन्यमापकांकडे लागलेले असतात.

आता एक हिशोब करा. तापीला एक लाख क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट पाण्याचा, पूर आला आणि तो एक दिवस टिकला, तर किती पाणी येतं? सुमारे २४५ दलघमी. म्हणजे दीड दिवसात अख्खं धरण काठोकाठ भरेल एवढं. आणि एक लाख क्युसेक हा तापीसाठी काही जगावेगळा पूर नाही. नदी मोठी आणि भांडं लहान, असं हे प्रकरण आहे. जुलैत भांडं भरून ठेवलं आणि वरून मोठा पूर आला, तर तो जसाच्या तसा, तोही एकदम, खाली सोडावा लागेल. रात्री दोन वाजता भोंगा वाजवून गावं उठवावी लागतील. उलट दरवाजे उघडे ठेवले तर पूर पसरून, हळूहळू जातो. आणि भरायचं म्हटलं तर पावसाळ्याच्या शेवटी नदीला चांगलं पाणी असेल तर दोन-चार दिवसांतही धरण भरतं.

'असेल तर.' सगळं घोडं तिथंच अडतं. ऑगस्टनंतर पाऊस गेलाच तर? म्हणून प्रत्येक मोठ्या धरणाला एक तक्ता असतो, जलाशय परिचालन सूची. कोणत्या तारखेला पाणी कोणत्या पातळीपर्यंत चढू द्यायचं, ते त्यात लिहिलेलं असतं. जुलैत कमी, ऑगस्टमध्ये जास्त, पावसाळा संपताना पूर्ण. तो तक्ता म्हणजे अनेक वर्षांच्या नोंदी पाहून केलेली तडजोड असते. एका पारड्यात काठच्या गावांचा जीव, दुसऱ्यात दाजींची केळी. दुसरंही एक कारण आहे, जे लोकांना सहसा सांगितलं जात नाही. पहिल्या पुरांबरोबर गाळ फार येतो, पूर्णेचा तर विशेषच. दरवाजे उघडे असले की त्यातला काही गाळ पाण्याबरोबर निघून जातो. अडवला तर तो धरणाच्या पोटात बसतो आणि मग बाहेर काढणं फार महाग पडतं.

दाजींना सोडलेलं पाणी दिसतं. टळलेला पूर आणि निघून गेलेला गाळ दिसत नाही. त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही, पण त्यांच्यासमोर अर्धाच हिशोब आलेला असतो.

आता जरा मागे जाऊन मूळ अडचण बघू. अनिश्चितता एकाच जातीची नसते. फासा टाकल्यावर काय पडेल ते कुणालाच सांगता येत नाही, पण सहा बाजू आहेत हे तरी माहीत असतं. पाऊस बऱ्याच अंशी असा आहे. कधी किती पडेल ते कळत नाही, पण शंभर वर्षांच्या नोंदी असल्या तर त्याचा स्वभाव कळतो. दुसरी जात अज्ञानाची. जमिनीखाली खडक कसा आहे, नदी वर्षाला किती गाळ आणते, हे मुळात ठरलेलं असतं. फक्त आपल्याला माहीत नसतं. बोअर घेतले, नमुने तपासले की हे अज्ञान कमी होतं. इथं खर्च केलेला रुपया पुढे कैक पटीनं वाचतो, आणि नेमका इथंच हात आखडला जातो याचं मला कायम वाईट वाटत आलंय. तिसरी जात माणसांची: लोक काय पिकवतील, कुठं राहायला जातील, विजेचा दर काय होईल, सरकार काय ठरवेल. हिला नोंदीही पुरत नाहीत आणि बोअरही.

सगळ्यात मोठी फसगत होते ती सरासरी काढून या तिन्ही जाती एका आकड्यात कोंबल्या की. एक तलाव धरा, त्यात १०० माप पाणी मावतं. एका वर्षी ४० माप पाणी येतं, दुसऱ्या वर्षी १८०. सरासरी ११०. कागदावर छान दिसतं: सरासरी आवक साठ्याहून जास्त, म्हणजे तलाव दर वर्षी भरणार, १०० मापांचं लाभक्षेत्र घ्यायला हरकत नाही. प्रत्यक्षात काय होतं? पहिल्या वर्षी ४०च मिळतं. दुसऱ्या वर्षी १०० मिळतं आणि ८० सांडव्यावरून वाहून जातं. हाती आलेली सरासरी ७०. आणि पहिल्या वर्षी १०० मापांच्या भरवशावर लावलेल्या पिकातलं ६० मापांचं पीक जळतं. पुढच्या वर्षीच्या भरलेल्या तलावानं ते परत हिरवं होत नाही. सुकाळाची भर आणि दुष्काळाची खोट एकमेकींना फेडत नाहीत, कारण भांड्याला काठ आहे. खान्देशात पाऊस असाच लहरी. गिरणा धरण कित्येक वर्षं पुरतं भरलं नव्हतं. २०१९ साली भरलं आणि पुढच्या वर्षीही भरलं. अशा नदीची सरासरी काढली तर आकडा मिळतो, पण तो कुठल्याच वर्षाचा नसतो.

म्हणून आता सरासरीऐवजी शेकडो-हजारो काल्पनिक वर्षं संगणकावर चालवून पाहतात. पाऊस असा आला तर, मागणी अशी वाढली तर, गाळ एवढा साचला तर. या पद्धतीला मॉन्टे कार्लो म्हणतात. १९४०च्या दशकात अमेरिकेत उलाम आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी ती घडवली, आणि उलाम यांना ती सुचली पत्त्यांचा एकट्यानं खेळायचा डाव मांडताना. हाती एकच उत्तर येण्याऐवजी उत्तरांची एक रास येते: हजारातल्या किती वर्षांत पाणी पुरलं, किती वर्षांत निम्मंही मिळालं नाही. दाजींना खरं तर हेच हवं असतं. 'धरणात किती पाणी मावतं' याच्यापेक्षा 'दहातल्या किती वर्षी माझ्या चारीला पाणी येईल' हा त्यांच्या कामाचा आकडा आहे.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दही असाच घात करतो. एकदा येऊन गेला, आता शंभर वर्षं निश्चिंती, असं अनेकांना वाटतं. त्याचा अर्थ एवढाच, की असा पूर कुठल्याही एका वर्षी यायची शक्यता शंभरात एक. मग तीस वर्षांत तो एकदा तरी यायची शक्यता सुमारे २६ टक्के, पन्नास वर्षांत ३९ ते ४० टक्के. नदीकाठी घर बांधून तीस वर्षांचं कर्ज काढणाऱ्या माणसाला ही २६ टक्क्यांची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. धरणांना मात्र एवढ्यावर भागत नाही. आपल्या मानकांप्रमाणे ६० दलघमीहून जास्त साठा असलेल्या धरणाचा सांडवा 'संभाव्य कमाल पूर' धरून आखायचा असतो, म्हणजे त्या मुलखात ढगांनी जास्तीत जास्त जेवढं ओतणं शक्य आहे तेवढं. हा धडा स्वस्तात मिळालेला नाही. ११ ऑगस्ट १९७९ला गुजरातेत मच्छू नदीवरचं दुसरं धरण फुटलं आणि मोरबी शहर वाहून गेलं. आलेला पूर सांडव्याच्या ताकदीच्या दुपटीहून जास्त होता.

मग सगळंच दुप्पट-तिप्पट मजबूत बांधावं का? काही ठिकाणी हो. भिंत फुटली तर माणसं मरणार असतील तिथं काटकसर नकोच. पण प्रत्येक गोष्ट अशी वाढवत गेलं तर पैसा संपतो आणि अर्धवट कामं उरतात, ज्यांचा उपयोग ना पुराला ना दुष्काळाला. शिवाय माणसांची अनिश्चितता काँक्रीटनं भागत नाही. खूप मोठं बांधलं आणि गरज वेगळीच निघाली तर ते मोठेपणच गळ्यात पडतं.

इथं मला माझं गाव आठवतं. आमचं मूळ गाव पांझरेकाठचं, धुळे जिल्ह्यातलं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीत ठेंगणा दगडी बंधारा, त्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात सारंग, म्हणजे छोटे पाट. जास्तीचं पाणी परत काढून द्यायला सांडम. बंधारा मुद्दामच ठेंगणा: पूर अडवायचा नाही, अंगावरून जाऊ द्यायचा. भिजणारी जमीन बहुधा चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. आणि खरी मेख पुढे आहे. कोणत्या फडाला ऊस लावायचा, कोणता फड हंगामी पिकाला ठेवायचा, कोणता पडीक सोडायचा, हे कायमचं ठरलेलं नसे. दर वर्षी नदीचं पाणी पाहून गाव बसून ठरवे. माझे आजोबा सांगायचे, "जितलं पानी, तितलाच ऊस." पुष्कळ शेतकऱ्यांची जमीन थोडी थोडी वेगवेगळ्या फडांत असे, त्यामुळे एक फड पडीक राहिला तरी कुणा एकाचं घर बसत नसे. तूट वाटून घेतली जाई.

इंजिनिअरिंग कॉलेजात मी हे शिकलो नाही. पुढे 'लवचीक आराखडा' हा विषय वाचनात आला तेव्हा आजोबांचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. त्या विषयाचा गाभा हाच: जो निर्णय आत्ता घ्यावाच लागतो तो आत्ता घ्या, भिंत किंवा पाया. जो मागाहून घेता येतो तो राखून ठेवा, आणि तो पुढे बदलता येईल यासाठी लागणारी थोडी किंमत आजच मोजा. बंधारा एकदाच बांधला, पिकाचा निर्णय दर वर्षी मोकळा ठेवला. पाणी किती येणार याचा अंदाज बांधण्यात फडवाले आपल्यापेक्षा हुशार नव्हते. अंदाज चुकला तरी सावरता येईल अशी जागा त्यांनी आराखड्यातच ठेवली होती.

पोर्तुगालात लिस्बन शहरात १९६६ साली एक मोठा झुलता पूल बांधला. तेव्हा त्यावरून फक्त मोटारी जाणार होत्या. पण पुढेमागे रेल्वे न्यावी लागली तर, म्हणून मूळ आराखड्यातच तशी सोय धरली होती. रेल्वे प्रत्यक्षात गेली १९९९ साली, तेहतीस वर्षांनी. न गेली असती तर? ठेवलेल्या सोयीची किंमत वाया गेली असती, विम्याच्या हप्त्यासारखी. याच्या उलट गोष्ट इरिडियमची. उपग्रहावरून कुठूनही फोन लावता यावा म्हणून ६६ उपग्रहांचं जाळं एकदम उभं केलं. सगळे वर गेल्याशिवाय सेवा नीट चालणारच नाही, असा तो आराखडा. आखलं तेव्हा मोबाइल टॉवर विरळ होते. १९९८च्या अखेरीस सेवा सुरू होईपर्यंत साधा मोबाइल सगळीकडे पोचला होता. १९९९च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. तंत्र चोख होतं, उपग्रह नीट चालत होते. थोडे उपग्रह सोडून, गिऱ्हाईक पाहून पुढचं ठरवायची वाटच आराखड्यात नव्हती.

भुसावळजवळच्या आपल्या दीपनगरला हेच वेगळ्या रूपात दिसतं. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन मोठे संच आहेत. असे संच आखताना गृहीत असतं की ते रात्रंदिवस एकसारखे चालतील, बॉयलरला तेच मानवतं. मग सौर वीज आली. साक्री तालुक्यात १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ साली उभा राहिला, पुढे देशभर असे कितीतरी. आता दुपारी उन्हाची वीज भरपूर, संध्याकाळी ती गायब. कोळशाच्या संचांनी दुपारी मान खाली घालावी आणि सात वाजता धावत सुटावं, अशी अपेक्षा होऊ लागली. रोज तापणं-निवणं झालं की धातू थकतो, नळ्यांना तडे जातात. संच आखणाऱ्यांचं गणित चुकलं नव्हतं. संचाभोवतीचं जग बदललं.

आणि दीपनगरला पाणी कुठलं? हतनूरचं. भुसावळच्या रेल्वेला, कारखान्यांनाही तेच. म्हणजे बऱ्हाणपूरचा पाऊस, हतनूरचा गाळ, दीपनगरचा बॉयलर आणि दाजींची रात्रीची मोटार ही एकाच दोरीला बांधलेली आहेत. मोठ्या रचनेची खरी अवघड बाजू ही. प्रत्येक भाग वेगळ्या माणसांनी, वेगळ्या दशकात, आपापल्या परीनं बरोबरच आखलेला असतो. घोटाळा सांध्यांत असतो.

३१ जुलै २०१२ची दुपार अनेकांना आठवत असेल. आदल्या दिवशी पहाटे उत्तरेची ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं जाळं, पडून पुन्हा उभी केली होती. त्या दुपारी बीना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची एक लाइन ट्रिप होऊन सुटली. तिची जोडीची लाइन सुधारणेसाठी आधीच बंद होती. भार बाजूच्या लाइनींवर गेला, त्या एकेक करत सुटल्या, आणि उत्तर, पूर्व, ईशान्य भारत अंधारात गेला. साठ कोटींच्या आसपास लोक. भुसावळहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या याच बीना-ग्वाल्हेरवरून जातात, म्हणून मला ती लाइन नुसतं नाव वाटली नाही. पश्चिमेची ग्रिड मात्र वाचली, कारण ती वेळेत उत्तरेपासून सुटली. सुटली म्हणून आपल्याकडे दिवे राहिले. म्हणजे जोडणी जितकी महत्त्वाची तितकीच ती कुठं तोडायची याची आधी ठरवलेली जागाही. घरातल्या फ्यूजची तार मुद्दाम कच्ची ठेवतात, तसंच. पांझरेच्या कालव्यावरची सांडम हेच काम करते: पाणी जास्त झालं तर कालवा कुठंही फुटण्यापेक्षा ठरवलेल्या जागी बाहेर पडू दे.

सुरतेबद्दल एक बोललं पाहिजे, कारण दाजींच्या वाक्यात सुरत येतेच. १९६८ साली तापीच्या पुरानं सुरतेची दैना केली. सुरतेच्या वरच्या अंगाला तापीवरचं उकाई धरण १९७२ साली पुरं झालं. धरणानं धीर दिला आणि शहर नदीच्या कुशीत पसरत गेलं. ऑगस्ट २००६मध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेक सोडावे लागले आणि सुरतेचा फार मोठा भाग पाण्यात गेला. संरक्षण बांधलं की लोक त्याच्या भरवशावर जवळ येतात आणि मग त्याच बांधकामाकडून जास्त मागणी होते. आराखडा करणाऱ्यानं लोकांचं हे वागणं पावसाइतकंच धरायला हवं. आणि सुरतकरांनी धरण आधी रिकामं ठेवा म्हटलं काय, दाजींनी आधी भरा म्हटलं काय, नदी एकच आहे.

फडाचं कौतुक करताना एक कबूल करतो. फड शेकडो एकरांचा असतो, माणसं एकमेकांना ओळखतात, पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला गाव जाब विचारू शकतं. दोन राज्यांतल्या, लाखो हेक्टरच्या रचनेला ते जसंच्या तसं लावता येत नाही. पुढे वर धरणं झाली, विहिरी वाढल्या आणि बरेचसे फड मोडले. पण 'दर वर्षी पुन्हा ठरवायचं' हा भाग मोठ्या रचनेतही बसतो, जर मोजमाप असेल आणि ठरवायचा हक्क कुणाकडे आहे हे स्पष्ट असेल तर.

हे आत्ता लिहायचं कारण, मे २०२५मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी महापुनर्भरण योजनेचा करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जाडसर पट्टा आहे, बझाडा म्हणतात तो. पाणी पटकन पिणारी जमीन. केळीपट्ट्यानं वर्षानुवर्षं उपसा केला आणि यावल-रावेरच्या विहिरी खोल खोल गेल्या. पुराचं पाणी कालव्यानं त्या पट्ट्यावर नेऊन जमिनीत मुरवायचं, अशी कल्पना. मला ती मनापासून आवडते, कारण जमिनीखालच्या साठ्याला ना बाष्पीभवनाची धास्ती, ना दरवाजे. पण अज्ञान पुष्कळ आहे. गाळाचं पाणी मुरवलं तर जमिनीची भोकं किती वर्षांत बुजतील? मुरलेलं पाणी रावेरच्या विहिरीला दिसेल की आणखी खाली निघून जाईल? पाणी वर आलं की लोक आणखी केळी लावतील का? यातलं काही मोजून कळेल, काही करून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

माझ्या हातात असतं तर मी कालवा आखताना जागा पूर्ण लांबीची राखली असती, पण मुरवण्याची कामं आधी दोन-तीन ठिकाणीच केली असती, वेगवेगळ्या जातीच्या जमिनीत. आजूबाजूच्या विहिरींची पातळी आजपासून, काम सुरू व्हायच्या आधीपासून, दर पंधरा दिवसांनी मोजायला लावली असती. आधीची नोंद नसेल तर नंतरच्या नोंदीचा अर्थ लागत नाही. गाळ बसायला आधी कुंड्या केल्या असत्या आणि त्या साफ करायचा खर्च पहिल्या दिवशीच अंदाजपत्रकात धरला असता. तीन पावसाळे पाहून पुढचा टप्पा ठरवला असता.

परवा दाजींशी हे बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "विहिरीची पातळी मोजायला काही लागतं का?" मी म्हटलं, दोरी, वजन आणि वही. आता त्यांच्या विहिरीवर दर अमावास्या-पौर्णिमेला दोरी सोडली जाते. पहिल्या नोंदीत पाणी ११२ फुटांवर होतं.